तुम्ही सांगितलेलं नाव

सर,

तुमच्या निधनाची बातमी मीच दिली. क्रीडापानावर, एका स्तंभात, फोटोसह. तिच्यात जे लागतं ते सगळं होतं: वय, आजार, विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून केलेलं काम, मागे पत्नी आणि मुलगी. पान लावणाऱ्या सहकारी बाईंनी ती राशिभविष्याच्या वर घेतली. "आमचा फुटबॉल तुमच्या पेपरात कायम राशिभविष्याच्या खाली," हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की पान छपाईला गेल्यावर मी ते पुन्हा उघडून पाहिलं. एवढी बढती मिळायला मरावं लागतं का हो, असं तुम्ही विचारलं असतं.

बातमीत जे मावलं नाही ते इथे लिहितो आहे. फार नाही. एक दुपार, एक नाव, आणि त्या नावावरून आपण दोघं वर्षानुवर्षं घातलेला वाद. तुमच्या जाण्याने तो वाद मिटला, असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नाही.

क्रिकेटच्या या शहरात विद्यापीठाचा फुटबॉल म्हणजे एक वेगळं गाव आहे, हे मला तुमच्या मैदानावर कळलं. संपादकांनी मला तिथे पाठवलं ते दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून. सामना चारला होता आणि दुपारच्या उन्हातच वसतिगृहातली मुलं गोलपोस्टच्या मागे जागा धरून बसली होती. ढोलपथकातली पोरं सरावाच्या नावाखाली ढोल घेऊन आली होती. हिंजवडीहून अर्धी सुट्टी टाकून आलेले माजी खेळाडू पोट आत घेत जुनी निळी जर्सी अंगात चढवत होते. मेसमध्ये संघातल्या मुलांच्या ताटात एक अंडं जास्त पडतं आणि त्याबद्दल बाकीच्यांना अभिमान वाटतो, ही माहिती मला तिथेच मिळाली. निळी जर्सी एकदा अंगावर आली की माणूस आयुष्यभर संघाचा. तो पुढे पास होवो की नापास.

त्या दिवशी संघ हरला. सामना संपल्यावर सगळे खेळाडू आपल्याच गोलच्या तोंडाशी जमले. कर्णधार ओरडला, "कोणाची चूक?" आणि सगळ्यांचे हात वर गेले. गोलरक्षकाचा, राखीव खेळाडूंचा, मसाज करणाऱ्याचा, आणि कडेला उभे असलेले तुम्ही, तुमचाही.

"हे काय?" मी विचारलं.

"हजेरी," तुम्ही म्हणालात.

पुढे मैदानाच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर तुम्ही मला त्याची गोष्ट सांगितलीत. तुम्ही स्वतः कर्णधार असताना वसतिगृहातला टीव्ही फुटला होता. फोडणारा मुलगा संघातला होता, आणि वसतिगृहातून काढलं असतं तर तो सरळ गावी परतला असता. शिक्षण तिथेच संपलं असतं. रेक्टरनी विचारलं, कोणी फोडला? तुम्ही हात वर केलात. शेजारच्याने केला. मग सगळ्यांनी.

"एवढ्या जणांनी मिळून एक टीव्ही?" रेक्टर म्हणाले.

"मोठा टीव्ही होता, सर," तुम्ही म्हणालात.

तेव्हापासून ती संघाची रीत झाली. पराभवानंतर हात वर, म्हणजे गोल कोणा एकामुळे झालेला नाही. ट्यूबलाइट फुटली, हात वर. कुलगुरूंच्या बंगल्यातले आंबे गेले, हात वर. एका माजी खेळाडूच्या लग्नात गुरुजींनी विचारलं, "मुलीचे मामा कोण?" आणि मागच्या दोन रांगांमधले सगळे हात वर. मुलीकडची मंडळी बराच वेळ गोंधळली होती.

मी त्या रीतीवर एक लेख लिहिला. तुम्ही तो वाचून म्हणालात, "चांगलं लिहिलंत. जरा जास्तच चांगलं लिहिलंत." मी त्याकडे पुणेरी कौतुक म्हणून पाहिलं. आता वाटतं, तुम्हाला तेव्हाच कुठेतरी काहीतरी खुपत होतं.

मग तो अंतिम सामना झाला. आपल्याच मैदानावर. शेवटच्या काही मिनिटांत ओंकारने चेंडू जाळ्यात मारला. ओंकार तुमचा आठ नंबर. गावाकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या वर्षाला त्याला डाव्या पायाने चेंडू नीट थांबवता येत नव्हता. तिसऱ्या वर्षाला गोव्याच्या एका क्लबने त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं. रविवारी तो तुमच्या धायरीच्या घरी जेवायला असायचा, हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाला खटकत नव्हतं. गोल झाला, ढोल सुरू झाले, आणि रेषेवर उभ्या असलेल्या लाइनमनने झेंडा वर केला. ऑफसाइड. गोल रद्द.

लाइनमन निखिल होता. शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी, रेफ्रीच्या परीक्षेला बसलेला. त्याचा झेंडा बरोबर होता. हे तुम्हीही नंतर सांगितलंत.

शिट्टी झाली, आपण हरलो, आणि गोलपोस्टमागची सगळी गर्दी मैदानात शिरली. मी तिथेच होतो. मला धूळ दिसली. धूळ बसली तेव्हा निखिल फक्कीच्या पांढऱ्या रेषेवर उताणा पडलेला होता आणि तुम्ही त्याच्या डोळ्यावर तुमचा टॉवेल धरून गुडघ्यांवर बसला होतात. रुग्णवाहिकेत मागे त्याच्याबरोबर तुम्हीच बसलात. त्याच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं. त्या डोळ्याची नजर पुढे परत आली नाही.

संघाने त्या रात्रीच ठरवून टाकलं होतं. माजी खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ फिरत होती: मैदानातलं मैदानात. तुम्हाला कंपन्यांचे अधिकारी झालेल्या तुमच्याच विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, काही करायचं नाही. नेहमीचं करायचं." नेहमीचं म्हणजे काय, ते फोनवर सांगायची गरज नव्हती.

चौकशी समितीची बैठक प्रशासकीय इमारतीत झाली. अध्यक्ष होत्या विधी विभागातल्या एक प्राध्यापक बाई, आवाज न चढवता बोलणाऱ्या. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. मला काही दिसलं नाही, एवढं सांगून मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो होतो. संघ समोर, ओळींमध्ये, विद्यापीठाचे ब्लेझर घालून. तुम्ही कडेला.

बाईंनी कागद बाजूला सारले. "निखिलला कोणी मारलं?"

सगळे हात वर गेले. एकदम, आवाज न होता. पहिल्या ओळीत ओंकारचाही.

बाई एकेका हाताकडे बघत मागच्या ओळीपर्यंत गेल्या. तिथे राखीव गोलरक्षक बसला होता, पाय प्लास्टरमध्ये. तो त्या दिवशी मैदानात उतरलाच नव्हता.

"तूसुद्धा?"

"हो, मॅडम."

"कोणत्या पायाने?"

त्याने प्लास्टरकडे पाहिलं.

"नाही, प्लास्टरच्या की दुसऱ्या? मला नोंदीत लिहावं लागेल."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हात खाली आले नाहीत.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचा उजवा हात खांद्यापर्यंत उचलला गेला होता. आयुष्यभराची सवय होती ती. हात तिथे थांबला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, एखादा अनोळखी माणूस शेजारी येऊन बसल्यावर पाहावं तसं. मग तो खाली आला आणि तुम्ही उभे राहिलात.

"मॅडम, मी पाहिलं. ओंकारने मारलं. निखिल खाली पडला होता, त्यानंतर मारलं. बुटाने. बाकी कोणी त्याला हात लावला नाही."

ओंकारने मान वर केली नाही. त्याचा हात अजून वरच होता.

"आणि असे हात वर करायला यांना मी शिकवलं," तुम्ही म्हणालात. "तेही नोंदीत घ्या."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तोच संबंध आहे."

सर, मी नोकरीत पुष्कळ चौकशा पाहिल्या. पालिकेच्या, बँकांच्या, पडलेल्या इमारतींच्या. त्यांत माणसं बोट दाखवतात, आणि ते बोट नेहमी स्वतःपासून दूर जाणारं असतं. दुसऱ्याचं नाव घेतल्याबरोबर त्याच दमात स्वतःचं नाव लिहून घ्यायला लावणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी तसा सहज भारावणारा नाही. त्या दिवशी मला बातमीचं पहिलं वाक्य सुचायला बराच वेळ लागला.

ओंकारवर विद्यापीठाने खेळायची बंदी घातली. गोव्याची चाचणी गेली. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तुम्हाला माजी खेळाडूंच्या ग्रुपमधून काढलं गेलं. ज्याने काढलं त्याला तुम्ही एकदा स्वतःच्या खर्चाने बूट घेऊन दिले होते, हे मला दुसऱ्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा ठेवलेल्या सरावाला कोणी आलं नाही. सामानाच्या खोलीच्या दारावर फक्कीने लिहिलेलं होतं: गद्दार.

मी पोहोचलो तेव्हा तुम्ही दारासमोर उभे होतात.

"अक्षर बरं आहे," तुम्ही म्हणालात. "पोरांनी एवढ्या काळजीने कधी रेषा नाही मारल्या."

मग तुम्ही आतून फक्कीची बादली काढलीत आणि रिकाम्या मैदानावर रेषा मारायला लागलात. गोलची चौकट, मधलं वर्तुळ, कोपरे. सामना नव्हता, सराव नव्हता. मी विचारलं, कोणासाठी?

"मैदान आहे," तुम्ही म्हणालात. "त्याला रेषा लागतात."

दारावरचा शब्द तुम्ही पुसला नाहीत. तो आपोआप उडून जाईपर्यंत राहिला.

त्याच आठवड्यात ओंकारचे वडील मैदानावर आले. पांढरी टोपी, हातात मोटारसायकलची किल्ली. तुम्ही त्यांना टपरीवर घेऊन आलात. मी शेजारच्या बाकावर होतो.

"सर, पोरगं तुमच्या हवाली केलं हुतं," ते म्हणाले. "तुमीच पकडून दिलं व्हय?"

"हो."

"तुमचं सोताचं असतं, तर सांगितलं असतं का?"

"माहीत नाही," म्हणालात. "सांगितलं असतं असं वाटतं. पण माहीत नाही."

त्यांनी किल्ली बाकावर ठेवली. मला वाटलं, आता भांडण होणार. बहुतेक त्यांना खोटं उत्तर अपेक्षित होतं, आणि ते मिळालं नाही म्हणून पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"कोर्टाच्या तारखांना मी येणार आहे," तुम्ही म्हणालात. "ओंकारबरोबर बसायला. चालेल का तुम्हाला?"

"चालंल न चालंल काय. येनार हाय म्हनता, तर या." मग उठता उठता म्हणाले, "त्याची आई तुमच्याशी बोलनार न्हाई. तेवढं मनावर घिऊ नका."

तुम्ही गेलात. प्रत्येक तारखेला. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर एका बाजूला ओंकार, मध्ये थोडी रिकामी जागा, दुसऱ्या बाजूला तुम्ही, मांडीवर डबा. नाव सांगणारा आणि ज्याचं नाव सांगितलं तो, असे एकाच बाकावर बसलेले पाहून वकिलांना कळत नसे की हे नेमकं कोणत्या बाजूचे. एकदा एकाने विचारलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, "मी याचा प्रशिक्षक." बंदी घातलेल्या खेळाडूला प्रशिक्षक कशाला लागतो, हे त्याने विचारलं नाही. शेवटी ओंकारने कोर्टात गुन्हा मान्य केला आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटला. बाहेर आल्यावर तुम्ही त्याला उसाचा रस पाजलात आणि आयटीआयचा अर्ज भरायला घेऊन गेलात.

संघ परत यायला वेळ लागला. पहिला आला तो राखीव गोलरक्षक. प्लास्टर निघालेलं होतं.

"इतके दिवस कुठे होतास?" तुम्ही विचारलंत.

"सर, पळता येत नव्हतं."

"चालता तर येत होतं."

त्याने मान खाली घातली आणि हातमोजे चढवले. पुढच्या आठवड्यात आणखी काही आले. मग तुम्ही रीत बदललीत, मोडली नाहीत. पराभवानंतर आजही संघ गोलच्या तोंडाशी जमतो आणि कर्णधार विचारतो, कोणाची चूक? आता ज्याची असेल तो एकटा हात वर करतो आणि काय चुकलं ते सांगतो. त्यानंतर उरलेला प्रत्येक जण सांगतो की त्या क्षणी तो कुठे उभा होता आणि त्याला काय दिसलं. साधी गोष्ट आहे. चेंडू सुटला तेव्हा मी डावीकडे होतो, मला दिसलं, मी ओरडलो नाही. विशीतली मुलं एकमेकांसमोर हे बोलतात. मी ज्या कार्यालयांची बातमी देतो तिथे हे घडताना मी पाहिलेलं नाही, आमचं कार्यालय धरून.

आता आपला वाद.

माझं म्हणणं तुम्हाला पाठ होतं. तुम्ही खरं सांगितलंत, ते बरोबरच. पण त्याआधी ओंकारला एकदा बोलवायला हवं होतं. एक संधी द्यायला हवी होती. तो स्वतः बोलला असता तर ते त्याचं झालं असतं. तुम्ही नाव घेतलंत आणि ती वेळ त्याच्या आयुष्यातून कायमची गेली. कोर्टात त्याने मान्य केलं खरं, पण सगळ्यांना माहीत झाल्यावर मान्य करणं वेगळं.

पहिल्यांदा हे बोललो तेव्हा तुम्ही भांडलात. "तो सुधारावा म्हणून मी नाव नाही सांगितलं," म्हणालात. "ज्याला लागलं त्याला कळायला हवं होतं. तुम्ही सगळे ओंकारचं काय होणार यावर बोलता. निखिलचं कोण बोलतंय?"

म्हणून मी निखिलला भेटायला गेलो. तो आता शाळेत खेळाचा शिक्षक आहे. रेषेवर उभा राहू शकत नाही; एका डोळ्याने अंतर कळत नाही. त्याने मला सांगितलं, "मला कोणी मारलं ते मला माहीत नव्हतं. मी उताणा होतो, डोळ्यांत माती होती. नंतर कॅम्पसमध्ये निळी जर्सी दिसली की वाटायचं, हाच असेल. प्रत्येक जण तोच वाटायचा. सरांनी नाव सांगितलं त्या दिवशी बाकीचे सगळे सुटले. माझ्यासाठी सुटले." दर वर्षी नव्या संघाला नियम शिकवायला तुम्ही त्याला बोलावत होतात. पहिल्या वर्षी तो नाही म्हणाला. दुसऱ्या वर्षीही. नंतर आला.

म्हणून मी वाद लहान केला. नाव सांगायचंच होतं, हे मान्य. फक्त आधी एक संधी. एवढंच उरलं होतं माझं. आणि त्यावर तुम्ही भांडायचं सोडलंत.

"तुमचं बरोबर आहे, बातमीदार," म्हणायचात. "द्यायला हवी होती संधी."

"मग का नाही दिलीत?"

"चुकलं. चहा सांगा."

वाद घालणाऱ्याला समोरच्याने लगेच मान्य करण्याइतकं चिडवणारं काही नसतं. मी विषय पुन्हा पुन्हा काढायचो, वेगळ्या बाजूने, आणि तुम्ही प्रत्येक वेळी तीच कबुली देऊन क्रीमरोल मागवायचात. गेल्या महिन्यात धायरीला आलो तेव्हाही काढला. तुम्ही गॅलरीत खुर्चीवर होतात, शाल पांघरून. हात इतके बारीक झाले होते की घड्याळ कोपराकडे सरकत होतं. वहिनींनी मला डोळ्यांनी दटावलं. तुम्हीच म्हणालात, "बोलू दे त्यांना. मला तेवढीच करमणूक." आणि मग माझ्याकडे वळून, "हो हो. एक संधी द्यायला हवी होती. झालं समाधान?"

झालं नव्हतं. पण तेव्हा मी हसलो, आणि आपण गोव्याच्या लीगबद्दल बोललो.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला धायरीला गेलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढरं कापड अंथरलं होतं, बुद्धमूर्तीशेजारी तुमचा फोटो. वंदना झाली. निखिल बोलला, थोडंच. ग्रुपमधून तुम्हाला काढणारेही आले होते. ते मागे उभे राहिले. ओंकार खुर्च्या मांडत होता आणि नंतर खीर वाढत होता. तो आता ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये आहे, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं. बोलायला त्याला कोणी सांगितलं नाही आणि तो पुढे आला नाही.

पंगत उठल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "सरांशी मी शेवटपर्यंत तुझ्यावरून भांडलो. म्हणायचो, तुला आधी एक संधी द्यायला हवी होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सर बोलले नाहीत तुम्हाला?"

"काय?"

"मी आलो होतो इथं. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी. हॉस्टेलवरून, बस बदलून." तो जिन्याकडे बघत बोलत होता. "सरांनी दार उघडलं. मी म्हटलं, सर, उद्याच्या प्रॅक्टिसचं टायमिंग विचारायला आलो. प्रॅक्टिस तर बंदच होती ना त्या दिवसापासून. सर म्हणाले, बस. काकूंनी थालीपीठ दिलं. सरांनी टीव्ही बंद केला आणि समोर बसले. खाऊन झालं. म्हणाले, 'अजून काही?' मी म्हटलं, नाही सर. थोड्या वेळाने परत म्हणाले, 'ओंकार, अजून काही?'"

आता तो माझ्याकडे वळला.

"मला कळलं होतं ते काय विचारतायत. मी म्हटलं, थालीपीठ नको, पोट भरलं."

मागे कोणीतरी खुर्च्या एकात एक बसवत होतं.

"मग सर स्टॉपपर्यंत आले माझ्याबरोबर. बस आली, मी नाही चढलो. ती गेली. दुसरी आली, तीपण सोडली. सर नुसते उभे. एक शब्द नाही. त्यांना घाई नव्हती. मला वाटलं, आता सांगावं. मग आणखी एक आली आणि मी म्हटलं, येतो सर." त्याने तळहात पँटला पुसले. "नंतर कधी काढलं नाही त्यांनी. कोर्टात एवढ्या तारखांना शेजारी बसले. एकदाही नाही."

सर, माझा सगळा वाद एका संधीवर उभा होता. तुम्ही त्याला एक संध्याकाळ दिली होतीत. घर दिलं, जेवण दिलं, रस्त्यावर उभं राहून बस सोडून दिल्यात. आणि त्यानंतर इतकी वर्षं मी तुम्हाला विचारत राहिलो, तेव्हा तुम्ही म्हणत राहिलात, चुकलं, द्यायला हवी होती. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. पण मग मला हेही कळलं असतं, की तो तुमच्या दारात आला, सगळं समजला आणि न बोलता गेला. निखिलला जे कळायला हवं होतं ते तुम्ही भर खोलीत सांगितलंत. हे निखिलचं नव्हतं. हे कोणाचंच नव्हतं, फक्त ओंकारचं होतं. म्हणून माझ्यासमोर तुम्ही चुकलेले राहिलात, हसत, चहा सांगत.

मी पाहिलेल्या माणसांत एवढं कोणी केलेलं मला आठवत नाही. मी आठवून पाहिलं.

ओंकार जायला निघाला, मग परत आला.

"तुम्ही सरांवर लिहिणार ना?"

"हो."

"हे लिहा. माझं नाव घालून लिहा."

तसं लिहिलं आहे. सर, या वेळी त्याला कोणी विचारलं नव्हतं.